मुफस्सलातले महेशचंद्र

बुद्धिबळाच्या डावाच्या निरनिराळ्या सुरुवातींना नावे देण्याचा युरोपीय प्रघात जुना आहे. एखादीला गावाचे नाव मिळते, एखादीला देशाचे, तर एखादीला नामांकित खेळाडूचे. या नामावळीत ‘इंडियन डिफेन्स’ अथवा ‘भारतीय बचाव’ हे एक मोठे घराणेच आहे. पांढऱ्याने वजिरापुढील प्यादे दोन घरे सरकविले असता काळ्याने ते तसेच न अडविता राजाकडील घोडा पुढे काढावा, बाजूचे प्यादे एक घर सारून उंटाला कोपऱ्याच्या लांब तिरप्या रांगेवर बसवावे, आणि मग शत्रूने पटाच्या मध्यावर मांडलेला संसार दुरून पोखरावा, अशी ही नीती होय. १८८४ साली हे नाव छापून आले तेव्हा त्याचे कारण म्हणून एका बंगाली ब्राह्मणाच्या खेळाकडे बोट दाखविण्यात आले होते. ते महेशचंद्र बंदोपाध्याय होत. इंग्रजी मासिकांनी त्यांना ‘मोहेशचंदर बॅनर्जी’ केले.

त्यांची हकीकत जॉन कॉक्रेन या गृहस्थापासून वेगळी काढता येत नाही. १७९८ साली जन्मलेला हा स्कॉटिश बॅरिस्टर तरुणपणीच पॅरिसला जाऊन देशापेल आणि लाबूर्दोने या त्या काळच्या फ्रेंच धुरंधरांशी खेळून आला होता. १८२२ साली त्याने बुद्धिबळावर एक ग्रंथही लिहिला. पुढे वकिलीसाठी तो कलकत्त्यास आला आणि मधली एक दीर्घ रजा सोडली तर आयुष्याचा मोठा भाग तेथेच राहिला. त्या रजेत, १८४१ ते १८४३ या काळात, इंग्लंडचा अग्रगण्य खेळाडू हॉवर्ड स्टाँटन याच्याशी त्याने शेकडो डाव खेळले. असा मनुष्य कलकत्त्यास परतला तेव्हा त्याच्या बरोबरीचे तेथे कोणी उरले नव्हते, यात नवल नाही.

१८४८ च्या सुमारास कॉक्रेन हवापालटासाठी डोंगरावर गेला असता कलकत्त्याच्या बुद्धिबळ मंडळात ‘नेटिवां’च्या खेळाविषयी गप्पा निघाल्या. मुफस्सलात एक ब्राह्मण आहे आणि त्याला आजवर कोणी हरविलेले नाही, असे एका सभासदाने ऐकले होते. पुढे त्या भागात जाण्याचा योग आला तेव्हा त्याने या ब्राह्मणाला गाठले, त्याचे पाणी जोखले आणि त्याला कलकत्त्यास आणले. पहिल्या भेटीत कॉक्रेनने महेशचंद्रांना हरविले, तथापि त्यांच्या बुद्धीचा वकूबही त्याने त्याच वेळी ओळखला. १८५० साली त्या मंडळाच्या एका सभासदाने विलायतेस लिहिले की, कॉक्रेनपुढे ज्याची थोडीफार मात्रा चालते असा येथे हा एकच मनुष्य आहे. हे पत्र ‘चेस प्लेअर्स क्रॉनिकल’मध्ये छापले गेले, आणि मुफस्सलातले एक नाव लंडनच्या वाचकांपर्यंत पोहोचले.

महेशचंद्रांपुढील अडचण ध्यानात घेण्याजोगी आहे. ते वाढले देशी खेळात. आपल्याकडील बहुतेक देशी प्रथांत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले. युरोपीय पद्धतीचा किल्लेकोट नसे, त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची उडी घेण्याची मुभा असे. आणि शेवटच्या घरी पोहोचलेले प्यादे ज्या मोहऱ्याच्या रांगेतले त्याच मोहऱ्याचे रूप घेई. हा खेळ आपल्या विद्वानांच्याही परिचयाचा होता. पैठणहून काशीस जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टाने सतराव्या शतकात ‘भगवंतभास्कर’ रचला, त्यातील ‘नीतिमयूखा’त बुद्धिबळाचे प्रकरण आहे. त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांचा बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथ इंग्रजीत भाषांतरित होऊन मुंबईत छापला गेला, तो १८१४ साली, पेशवाई अजून उभी असताना. तेव्हा महेशचंद्र कॉक्रेनपुढे बसले ते एक जुनी, नांदती परंपरा घेऊन. मात्र बसले ते दुसऱ्याच्या नियमांवर, आणि तेही प्रौढ वयात शिकलेल्या नियमांवर.

यापुढे दहा-बारा वर्षे या दोघांचे डाव चालले. त्यांतील बहुतांश कॉक्रेनने जिंकले, हे मोकळेपणाने सांगितले पाहिजे; पण महेशचंद्रांच्या वाट्याला आलेले विजयही थोडे नाहीत. १८४८ च्याच एका डावात महेशचंद्रांनी पेत्रॉफ बचाव घेतला असता कॉक्रेनने चौथ्याच खेळीला आपला घोडा त्यांच्या राजाशेजारच्या प्याद्यावर झोकून दिला. राजाने घोडा मारला खरा, पण त्याला उघड्या मैदानात यावे लागले. या साहसी खेळीला आजही ‘कॉक्रेन गॅम्बिट’ म्हणतात.

दुसरा डाव मे १८५५ मधला. कॉक्रेनने वजिराचे प्यादे दोन घरे पुढे केले. महेशचंद्रांनी घोडा काढला, उंटासाठी बाजूचे प्यादे एक घर सारले, आणि तिसऱ्या खेळीला आपल्या वजिरापुढील प्यादे दोन घरे चालवून मध्यभागी उभे केले. पुढे प्याद्यांची व घोड्यांची मारामारी होऊन पांढऱ्याने मध्य व्यापला; तेव्हा आठव्या खेळीला त्यांनी वजिराकडील उंटापुढचे प्यादे दोन घरे टाकून त्या मध्यावरच घाव घातला.

महेशचंद्र केवळ देशी सवयीने खेळले, असे म्हणणारे टीकाकार आहेत. प्यादे एकेक घर सरकविण्याची व उंट कोपऱ्याच्या रांगेवर बसविण्याची रीत देशी खेळात स्वाभाविकच होती, आणि त्यांनी ती तशीच इकडे आणली, हा त्यांचा मुद्दा. तो अर्धा खरा आहे. उंटाची बैठक देशी हे कबूल. पण ही आठवी खेळी सवयीने सुचणारी नव्हे. उंटापुढच्या प्याद्याला दोन घरांची मुभा बहुतेक देशी प्रथांत नव्हतीच. नव्या नियमाने दिलेले हत्यार आणि जुन्या खेळाने दिलेली बैठक यांचा मेळ येथे घातला गेला आहे, आणि तो मेळ घालणे हे विचाराचे काम आहे, सवयीचे नव्हे.

डावाचा शेवट मात्र महेशचंद्रांच्या बाजूने लागला नाही. अठराव्या खेळीला कॉक्रेनचा घोडा राजाजवळच्या प्याद्यावर पडला आणि मग मात अटळ झाली: घोडा व वजीर यांचा दुहेरी शह, राजा कोपऱ्यात, वजिराचे बलिदान, आणि आपल्याच मोहऱ्यांच्या गर्दीत कोंडलेल्या राजावर घोड्याचा अखेरचा शह. डाव गेला, पण कल्पना गेली नाही. १९२२ साली अर्न्स्ट ग्रुनफेल्ड या ऑस्ट्रियन खेळाडूने हाच बचाव वापरून त्या वर्षी व्हिएन्ना येथे अलेखिनला हरविले आणि बचावाला त्याचे नाव पडले. मध्य शत्रूला देऊन तो दुरून पोखरावा हे तत्त्व त्याच दशकात रेटी, निमझोविच प्रभृतींनी नवे शास्त्र म्हणून मांडले. महेशचंद्रांचा तो डाव तेव्हा सदुसष्ट वर्षांचा झाला होता.

नावांचा हा हिशेब पाहण्यासारखा आहे. कॉक्रेनच्या धाडसाला कॉक्रेनचे नाव मिळाले, ग्रुनफेल्डच्या अभ्यासाला ग्रुनफेल्डचे. महेशचंद्रांच्या वाट्याला आले ते त्यांच्या देशाचे नाव. त्यात गौरव आहे असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. परंतु व्यक्तीचे कर्तृत्व देशाच्या नावे जमा झाले की त्या व्यक्तीविषयी आणखी विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. सरकारी दप्तरात ‘स्थानिक चौकशीवरून’ असा शेरा आपण नेहमी वाचतो. त्या ‘स्थानिक’ शब्दाआड ज्ञान देणारा एखादा माणूस असतो, आणि कागद पुढे सरकतो तो त्याच्या नावाशिवायच.

याला न्यायाची दुसरीही बाजू आहे. डाव लिहून ठेवण्याची व छापण्याची शिस्त कॉक्रेन व त्याच्या मंडळापाशी नसती, तर महेशचंद्रही मुफस्सलातल्या इतर अजिंक्य खेळाडूंप्रमाणे दोन पिढ्यांच्या आठवणीत विरून गेले असते. १८५१ साली लंडनला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरली तेव्हा शंभर पौंडांची देणगी धाडणारे हेच कलकत्त्याचे मंडळ. आपल्याकडे बुद्धी होती, ग्रंथ होते, पण खेळलेला डाव टिपून ठेवण्याची सवय नव्हती. पराभूताची खेळीदेखील जपून ठेवावी, हे या वहीने शिकविले.

२०१० साली सोफियात जगज्जेतेपदाच्या सामन्याचा पहिलाच डाव विश्वनाथन आनंद काळ्या मोहऱ्यांनी खेळला, आणि त्याने हाच बचाव निवडला. टोपालोवने तो डाव जिंकला. सामना आनंदने जिंकला. त्या दिवशी जगभरच्या वार्ताहरांनी सुरुवातीचे नाव ‘ग्रुनफेल्ड’ असेच लिहिले, आणि प्रघाताप्रमाणे ते बरोबरच होते. कलकत्त्यात ज्यांची नेमणूक आहे त्यांनी मात्र एवढे स्मरावे की, त्या खेळ्या १८५५ साली त्यांच्याच शहरात, एका बंगाली ब्राह्मणाने मांडल्या होत्या.