आर्लेकिनोची भूक

इ. स. 1545 च्या फेब्रुवारीच्या 25 तारखेस इटलीतील पादुआ शहरी आठ नटांनी नोटरीपुढे एक करारनामा केला. सामान वाहण्यास सामाईक पैशातून घोडा घ्यावा, कोणी आजारी पडल्यास त्याचा खर्च मंडळीने चालवावा, जो मध्येच पळून जाईल त्याने दंड भरावा, अशी त्यातील कलमे. आणि त्यांतच एक असेही की, आपसांत पत्ते खेळणे झाल्यास खाण्याच्या जिनसांखेरीज काही पणाला लावू नये. पुढे ‘कोमेदिया देल्लार्ते’ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या मुखवट्यांच्या नाट्याच्या व्यवसायाविषयी उपलब्ध असलेला हा बहुधा सर्वांत जुना दस्तऐवज. आणि या नाट्याचा जो सर्वांत लाडका विदूषक, तोही पोटाच्याच विवंचनेतून जन्मास आला.

व्हेनिसच्या अमलाखालील बेर्गामोच्या डोंगराळ मुलखातून हमालीसाठी शहरात उतरणारी माणसे, त्यांची राकट बोली आणि न शमणारी भूक हा नगरवासीयांच्या चेष्टेचा विषय होता. नटांनी या हमालास पान्तालोने नामक कृपण व्यापाऱ्याच्या घरी नोकरीस ठेवले, त्याचे एक कारस्थानी व एक भोळा असे दोन अवतार केले, आणि त्यांपैकी भोळ्यातून आर्लेकिनो घडला. बोलण्यास ओठ मोकळे ठेवणारा काळ्या चामड्याचा अर्धा मुखवटा, त्याच्या कपाळावर टेंगूळ, टोपीला सशाचे शेपूट, अंगावर ठिगळांचे कपडे आणि कमरेला दोन पातळ फळ्यांची छडी. या छडीचा फटका अंगाला फारसा लागत नसे, आवाज मात्र सबंध नाट्यगृहात घुमे.

संवाद लिहिलेले नसत. कथानकाचा आराखडा तेवढा ठरलेला असे. कथा रेंगाळू लागली की नट ‘लात्सी’ म्हणजे घोटून तयार केलेले विनोदी प्रसंग मध्ये घाली. उपाशी आर्लेकिनो माशी पकडतो, तिचे पंख उपटतो आणि एखादे पक्वान्न चाखावे तशा तृप्तीने ती खातो, हा त्यांतील एक. अठराव्या शतकात पॅरिस गाजविणारा तोमासो व्हिसेंतिनी हातातील प्याल्यातील मद्याचा थेंब न सांडता कोलांटी घेत असे. पाहणाऱ्यास जे ऐन वेळी सुचलेले वाटे, त्यामागे वर्षानुवर्षांची मेहनत असे.

आर्लेकिनो म्हणून प्रथम कीर्ती मिळवली ती मांतुआच्या त्रिस्तानो मार्तिनेल्लीने. 1601 च्या सुमारास लिओं येथे त्याने फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीस अर्पण केलेला एक ग्रंथ छापला, ज्याची बहुतेक पृष्ठे कोरीच होती; हेतू एवढाच की, राजाकडून सोन्याची साखळी इनाम मिळावी. शतकाअखेरीस याच दरबाराची मर्जी फिरली आणि 1697 साली चौदाव्या लुईने इटालियन मंडळीस घालवून दिले. ती परतली 1716 मध्ये, राजाच्या निधनानंतर. या दरबारी सहवासात पोषाखही पालटला, आणि दारिद्र्याची वेडीवाकडी ठिगळे रंगीत चौकटींच्या सुबक नक्षीत रूपांतरित झाली.

भूक मात्र पोषाखाबरोबर पालटली नाही. पिसा येथे वकिली करीत असता कार्लो गोल्दोनीने 1745 च्या सुमारास अंतोनियो साक्की या नटासाठी ‘दोन धन्यांचा नोकर’ हे नाटक रचले, प्रथम बव्हंशी आराखड्याच्या रूपाने आणि नंतर संपूर्ण लिहून. त्यातील त्रुफाल्दिनो हा आर्लेकिनोचाच भाऊबंद. जेवणाची वेळ टळून पोटात कावळे ओरडू लागलेले असताना तो एकाच वेळी दोन चाकऱ्या पत्करतो, आणि पुढे दोन्ही धन्यांची ताटे एकटाच वाढताना त्याची जी तारांबळ उडते, ती या नाटकाचा कळस होय. दुसऱ्या महायुद्धातील टंचाईची आठवण ताजी असताना, 1947 साली जॉर्जो स्त्रेलेरने मिलानच्या पिक्कोलो तेआत्रोत हे नाटक उभे केले. त्यात नोकराची भूमिका करणाऱ्या मार्चेल्लो मोरेत्तीनंतर ती फेर्रुच्चो सोलेरीकडे आली आणि ऐंशी उलटल्यावरही तो ती करीत राहिला. धनी, दरबार आणि पोषाख बदलले तरी हा नोकर रंगभूमीवर टिकून राहिला, याचे कारण त्याची गरज कोणत्याही प्रेक्षकास समजावून सांगावी लागत नाही.