एका ‘मी’ची गोष्ट

हापिसच्या पार्टीत “मी घेत नाही” असं म्हटलं की काय होतं, हे तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. समोरचा लगेच खुलासा करायला लागतो, “अरे, मीपण रोज नाही घेत, कधीतरीच.” त्याला कुणी विचारलेलं नसतं! आपण आपल्यापुरतं बोललेलो असतो, त्याला मात्र उपदेश ऐकू येतो. असं झालं की मला हमखास एक रेकॉर्ड आठवते. मायनर थ्रेट या अमेरिकन बँडचा एकुलता एक अल्बम, ‘आउट ऑफ स्टेप’ (1983). नऊ गाणी, जेमतेम 21 मिनिटं.

थोडी पार्श्वभूमी. पंक संगीत आलं 1970च्या दशकात. ते आणखी वेगवान, आणखी त्रोटक केलं की झालं हार्डकोर. वॉशिंग्टन डी.सी.मध्ये हा उद्योग करणारी बरीचशी पोरं शाळकरी वयाची होती. इयन मॅके आणि जेफ नेल्सन हे त्यातलेच दोन शाळासोबती. त्यांचा आधीचा बँड टीन आयडल्स. 1980 साली हा बँड सॅन फ्रान्सिस्कोला वाजवायला गेला, तेव्हा क्लबवाल्यांनी पोरांच्या हातावर मोठ्ठी फुली मारली. अर्थ एवढाच, की हे अल्पवयीन आहेत, यांना दारू देऊ नका. परत आल्यावर पोरांनी हीच युक्ती डी.सी.तल्या क्लबला सुचवली: फुली मारा, पण गाणी ऐकायला आत तरी सोडा! म्हणजे फुली ही मुळात शपथ नव्हती, गेटपास होता.

टीन आयडल्सच्या साठलेल्या पैशांतून डिस्कॉर्ड ही रेकॉर्ड कंपनी निघाली. रेकॉर्डची कव्हरं पोरं स्वतः कापून, दुमडून, चिकटवून तयार करत. त्याच वर्षी या दोघांनी मायनर थ्रेट सुरू केला. मॅके गायक, नेल्सन ड्रमवर. 1981मध्ये त्यांचं ‘स्ट्रेट एज’ हे पाऊण मिनिटाचं गाणं आलं, नशेपासून लांब राहण्याबद्दल. त्याच वर्षी ‘आउट ऑफ स्टेप’ हे गाणंही आलं. त्यात मॅके सांगतो की सिगरेट नाही, दारू नाही आणि उठसूट शरीरसंबंधही नाहीत. पण गाताना त्यानं ‘मी’ गाळला.

आता गंमत बघा. मराठीत ‘पीत नाही’ आणि ‘पिऊ नका’ यांत गल्लत होणं शक्यच नाही, क्रियापदच सगळं सांगून टाकतं. इंग्रजीत मात्र ‘मी’ गाळला की कबुली आणि हुकूम यांचे शब्द एकच! ऐकणाऱ्यांनी हुकूम ऐकला.

1983च्या अल्बमसाठी हे गाणं पुन्हा रेकॉर्ड झालं, तेव्हा नेल्सन हटून बसला की ‘मी’ हवाच. मॅकेचं म्हणणं, गातोय मी, तर बोलतोय कोण हे उघडच आहे. शेवटी गाण्याच्या मध्येच मॅके बोलून सांगतो की हे काही नियम नाहीत. आपल्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर कोड तेच ठेवलं आणि वर कॉमेंट लिहिली. कॉमेंट वाचतो कोण? :-)

सिंथिया कोनोलीनं काढलेल्या कव्हरवर पांढऱ्या मेंढ्यांच्या कळपातून एक काळी मेंढी उडी मारून निघालेली दिसते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला आणि बँड संपला. संगीत कुठल्या दिशेला न्यायचं यावर आपसात पटत नव्हतं. मागे मात्र स्ट्रेट एज नावाची चळवळच उभी राहिली. हातावरची फुली निष्ठेची खूण झाली. पुष्कळांना त्यातून खरोखर आधार मिळाला, नशा न करताही आपण या गर्दीतले आहोत असं वाटलं. पण पुढे काही ठिकाणी पिणाऱ्यांना मारहाण करण्यापर्यंत मजल गेली. काळ्या मेंढीच्या मागे काळ्या मेंढ्यांचाच कळप!

मला मॅके बरोबर वाटतो, नेल्सन जास्त बरोबर वाटतो. पण खरं सांगू? माझ्या वाक्यात तर ‘मी’ ढळढळीत असतो, तरी समोरचा खुलासा देतोच. त्यामुळे हल्ली मी एवढंच म्हणतो, “मला लिंबू सरबत चालेल.”