वायपरच्या किरकिरीचा पूर्वेतिहास

पावसाळ्यात मोटारीच्या पुढल्या काचेवर जी किरकिर उठते, तिच्या उगमाचा मागोवा घेऊ लागल्यास अमेरिकेतील अलाबामा संस्थानच्या मेरी अँडरसन या बाईंपर्यंत जाऊन पोचावे लागते. न्यूयॉर्कच्या हिमवर्षावात एक ट्रामचालक समोरची काच उघडून, झोंबणारा वारा तोंडावर घेत गाडी हाकीत आहे, हे पाहून त्यांनी आतून हाताने फिरवावयाच्या तरफेस बाहेर रबराची पट्टी जोडण्याची युक्ती योजिली, आणि १० नोव्हेंबर १९०३ रोजी त्या युक्तीचे एकस्व त्यांच्या नावे सरकारी दफ्तरी रुजू झाले. पुढे कॅनडातील एका पेढीने या वस्तूस व्यापारी मूल्य नाही असा निवाडा दिला. एकस्वाची मुदत सरली. आणि तदनंतर, १९२२ साली, कॅडिलॅकने आपल्या मोटारींवर वायपर सरसकट बसविण्यास प्रारंभ केला. बाईंच्या पदरी त्यातून छदामही पडला नाही.

हाताची जागा मग इंजिनाच्या शोषणाने घेतली. या निर्वातचालित वायपरचा विक्षिप्तपणा असा की, चढावर इंजिनास जोर द्यावा तो शोषण मंदावे आणि काचेवरची पाती मध्येच रेंगाळावी. खंडाळ्याच्या घाटात, ऐन आषाढात, अशा मोटारीच्या चालकाची काय गत झाली असती याची कल्पना वाचकांनीच करावी. विजेच्या मोटरने तो दोष घालविला. पुढे डेट्रॉइटच्या रॉबर्ट कर्न्स यांनी पापणीप्रमाणे थांबून थांबून लवणारा वायपर निर्माण केला, आणि १९७८ साली त्यापायी फोर्ड कंपनीवर गुदरलेल्या दाव्यात १९९० साली सुमारे एक कोटी डॉलरांवर तडजोड झाली.

हा सारा पराक्रम गतीचा होय. किरकिरीचे ठाणे मात्र मेरीबाईंच्या काळी जेथे होते तेथेच, म्हणजे रबराच्या त्या अरुंद धारेवर, राहिले. ही धार काचेवर ताठ उभी नसते. पाती ज्या दिशेस जाईल तिच्या उलट अंगास ती किंचित कलून मागून ओढली जावी, आणि फेरीच्या शेवटी दुसऱ्या अंगास लवावी, अशी योजना असते. उन्हाने व हवेतील ओझोनने रबर कडक झाले की ते कलणे विसरते, काचेस क्षणभर चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते, आणि या धरसोडीतूनच तो कर्कश ध्वनी जन्मास येतो. धुराचा तेलकट थर किंवा मेणाचे पॉलिश काचेवर असले तरी परिणाम तोच.

जाणता मिस्त्री म्हणूनच आधी कान देतो. आवाज जाता-येता दोन्ही वेळा असेल, तर काच साबणाच्या पाण्याने धुऊन, रबर ओल्या फडक्याने पुसून पाहावे. एकाच दिशेस असेल, तर दांडा पिळवटला आहे असा संशय घ्यावा, आणि पाती काढून दोन पकडींनी तो हळूहळू इतकाच वळवावा की पाती काचेशी काटकोनात बसेल. रबरास रॉकेल चोपडणे हा उपाय मात्र सर्वथा वर्ज्य समजावा, कारण त्याने रबर फुगते व त्याची धार बिघडते. वैशाखाचे ऊन खाल्लेले रबर मृगापूर्वीच बदलावे हे उत्तम. आणि किरकिर ऐकताच मोटर खोलू पाहणाऱ्या मिस्त्रीस, प्रथम ती धार बोटाने चाचपून पाहा, असे वाचकांनी निःसंकोच सांगावे.