कैलासपतीचा गोतावळा

शिवाच्या देवळापाशी पुष्कळ ठिकाणी कैलासपतीचे झाड असते. खोडालाच फुटलेली ती जाड पाकळ्यांची गुलाबी फुले, आत पिंडी आणि वर नागाची फणा. हे झाड आपल्याकडचे पुरातन, अशी कित्येकांची समजूत आहे. वास्तविक ते दक्षिण अमेरिकेतले. ओब्ले नावाच्या फ्रेंच औषधशास्त्रज्ञाने १७७५ साली फ्रेंच गियानाच्या वनस्पतींवर जो ग्रंथ छापला, त्यात त्याचे शास्त्रीय नामकरण झाले. आपल्या सह्याद्रीतला कुंभा मात्र त्याच कुळातला आणि अस्सल इथला. पण या कुळाचा खरा गोतावळा पाहायचा, तर ॲमेझॉनच्या अरण्यातच जायला हवे. ब्राझील नट म्हणून आपण जे खातो, त्याचे अजस्र झाडही याच घराण्यातले!

या घराण्याची खानेसुमारी एका राखीव जंगलात झाली, तिची हकीकत ऐकण्यासारखी आहे.

१९७० नंतरच्या दशकात मनाउस शहराच्या उत्तरेला गुरांच्या कुरणांसाठी जंगल तोडायला सरकारी उत्तेजन होते. मात्र मालकाने निम्मे जंगल राखले पाहिजे, असा कायदाही होता. टॉमस लव्हजॉय या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या मनात आले, राखायचेच आहे ना, मग ठरलेल्या मापाचे चौकोन का राखू नयेत? एक हेक्टर, दहा, शंभर. १९७९ साली ब्राझीलच्या ॲमेझॉन संशोधन संस्थेबरोबर हे काम सुरू झाले. तुलनेसाठी शेजारच्या अखंड अरण्यातही जागा राखल्या. अशाच एका शंभर हेक्टरांच्या जागेत न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानाचे स्कॉट मोरी यांनी हे एकच कुळ हाती घेतले.

एकच कुळ म्हटले की काम सोपे वाटते. तसे नव्हते. श्रोतेहो, झाड ओळखायचे ते फुलावरून, आणि इथे फुले तीस-तीस मीटर उंच! वर चढावे, नाही तर खाली गळलेले फूल शोधावे. फूल नसेल तर साल पाहायची. या कुळाच्या सालीचे लांबच लांब दोरखंडासारखे पट्टे निघतात. तिथले अनुभवी वाटाडे साल आणि बुंधा पाहून ‘मातामाता’ म्हणून झाड दाखवतात. पण त्या एका नावाखाली कित्येक जाती मोडतात, आणि इथेच पंडिताची कसोटी लागते. आपले ‘जांभूळ’ जसे एकच, तसे ते नव्हे.

छातीच्या उंचीवर दहा सेंटीमीटर जाडी असलेले प्रत्येक झाड मोजले गेले. मोरी आणि त्यांच्या सहकारी लेप्श-कुन्या यांचे पुस्तक १९९५ साली निघाले, तेव्हा हिशेब समोर आला: या एकाच कुळाची पावणेआठ हजारांहून अधिक झाडे, आणि जाती ३८. एवढ्याशा जागेत ३८! पण वाटणी मोठी विषम. काही जातींचा सुकाळ, तर काहींची झाडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

आता ती फणा पुन्हा आठवा. यांतल्या पुष्कळ जातींत ती फुलाच्या तोंडावर इतकी घट्ट बसते, की मोठ्या, दणकट मधमाशीलाच ती उचलता येते. म्हणून ब्राझील नटाचे झाड वाचवून भोवतीचे रान कापले, की कुरणात झाड एकटे उभे राहते खरे, पण माशी कुठून येणार? ते झाड तोडायला ब्राझीलमध्ये बंदी आहे. माशीच्या रानाला तसे कवच नाही.

चौकोनांचे काय झाले? २००० साली त्याच प्रयोगावरून प्रसिद्ध झाले, की कडेपासून ३०० मीटरांच्या आत मोठी झाडे जवळजवळ तिप्पट वेगाने मरतात. शंभर हेक्टर म्हणजे एक किलोमीटर बाजूचा चौकोन. चारी बाजूंनी तीनशे मीटर सोडा; मध्ये सुरक्षित उरतात फक्त १६ हेक्टर. शंभरांत ज्या जातीची दोनचारच झाडे, ती त्या सोळांत नेमकी पडेल, याची हमी कोण देणार?