मुक्ताईची एका दिवसाची वारी

आषाढ शुद्ध दशमी, 30 जून 2020. आदिशक्ती मुक्ताईच्या पादुका मुक्ताईनगराहून एसटी बसने निघाल्या आणि त्याच दिवशी पंढरीला पोहोचल्या. सोबत अवघे 20 जण. एरवी हीच वाट पायी चालायला महिना लागतो. कोरोनाच्या साथीमुळे त्या वर्षी पायी सोहळ्याला परवानगी नव्हती. मानाच्या पालख्यांच्या पादुका तेवढ्या वाहनाने नेण्याचे ठरले. तेव्हा अनेकांच्या मनात आले, ही वारी म्हणायची की प्रवास?

उत्तर शोधायला तापीकाठी जावे लागते. जळगाव जिल्ह्यात तापी आणि पूर्णा यांचा संगम आहे. पुढे हतनूरचे धरण झाल्यामुळे तेथील पाणी आज सागरासारखे पसरलेले दिसते. संगमावर चांगदेवांचे प्राचीन मंदिर आहे. शके 1219 च्या, म्हणजे इ. स. 1297 च्या वैशाख वद्यात याच परिसरात वीज कडाडली आणि मुक्ताई स्वरूपाकार झाली, अशी संप्रदायाची श्रद्धा आहे. माघ वद्य एकादशीपासून महाशिवरात्रीपर्यंत येथे यात्रा भरते. खानदेश, वऱ्हाड आणि मध्य प्रदेशातून दिंड्या येतात. गुरू मुक्ताई आणि शिष्य चांगदेव दोघेही एकाच पाण्याच्या काठी, म्हणून यात्राही एकच.

वाहनाचा प्रश्न या गुरुशिष्यांच्या कथेतच आहे. चांगदेव वाघावर बसून, हाती सापाचा आसूड घेऊन भावंडांच्या भेटीला आले. भावंडे बसली होती साध्या भिंतीवर. ती भिंतच चालू लागली आणि सामोरी गेली. त्या भिंतीवर मुक्ताईही होती. म्हणजे दोन्हीकडे वाहन होतेच. फरक एवढाच की एक वाहन सामर्थ्य दाखवायला निघाले होते, दुसरे भेटायला. चांगदेवांचा अभिमान गळाला तो तेथे. 30 जूनची बस कोणत्या जातीची होती, हे आता वेगळे सांगायला नको.

सोहळ्याचा इतिहासही हेच सांगतो. हैबतबाबांनी माउलींच्या सोहळ्याला शिस्त लावली, तेव्हा अंकलीच्या शितोळे सरदारांचे अश्व त्यात आले. दिंडीचे सामान पूर्वी बैलगाडीतून जाई, आता ते ट्रकने जाते आणि पाणी टँकरने येते. साधने काळाप्रमाणे बदलली. नेम बदलला नाही.

मग बसने काही हरवलेच नाही का? हरवले. मुक्ताईची वाट ही नद्यांची वाट आहे. मलकापूर मागे टाकून बुलढाण्याचा घाट चढला की पाण्याची दिशाच बदलते. घाटाखालचे पाणी तापीला मिळून पश्चिमेच्या समुद्राला जाते. घाटावर पैनगंगा उगम पावते, तिचे पाणी गोदावरीतून पूर्वेला. पुढे देऊळगाव महीजवळ खडकपूर्णा, तिच्या जलाशयाला संत चोखामेळ्यांचे नाव. जालन्याला कुंडलिका, शहागडला गोदामाई, बीडला बिंदुसरा, मग सीना आणि शेवटी भीमा. पायी चालणाऱ्याला प्रत्येक नदी भेटते. तिच्या काठी मुक्काम, कीर्तन, गावकऱ्यांची पंगत. बसमधून पूल क्षणात मागे जातो.

त्या वर्षी वारकरी घरी राहिले, तशी ही गावेही उपाशी राहिली. भाकरी होती, पण वाढायला पालखी नव्हती. वाटेवरच्या माउलीची वारी तिच्या दारातच घडते. आपण चालतो तेव्हा ती घडते. 2021 मध्येही पादुका बसनेच गेल्या, वाखरीपासून थोडे अंतर चालण्याची मुभा मिळाली. 2022 ला पाऊल पुन्हा वाटेवर पडले. पोहोचणे हाच हेतू असता, तर बसची सोय कळल्यावर पुन्हा महिनाभर कोण चालले असते?

आज गुडघे थकलेले, रजा नसलेले, घरी आजारी माणूस असलेले कितीतरी जण धुळ्या-जळगावाहून गाडी करून पहाटे निघतात. चांगदेव, मेहूण, कोथळी करून सांजेला परततात, किंवा एका दिवसात पंढरीचा कळस पाहून येतात. मनात मात्र खंत बाळगतात की आपली वारी कमी प्रतीची. माउली, ही खंत सोडा. प्रत्यक्ष मुक्ताई दोन वर्षे बसने गेली आहे. फक्त गाडी वाघ होऊ देऊ नका, तिला भिंत होऊ द्या. आणि ज्याच्या पायात बळ आहे, त्याने चालावे; नदीकाठी कोणीतरी भाकरी घेऊन वाट पाहत आहे.

रामकृष्णहरी.