‘व्हॉट्स गोइंग ऑन’ : प्रश्नरूप निषेधाचे सामर्थ्य

अमेरिकेतील सोल संगीताच्या इतिहासात मार्विन गे यांचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ (मे १९७१) हा गीतसंग्रह महत्त्वाचा टप्पा मानला जातो. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीने १९६० च्या दशकात प्रामुख्याने प्रेमगीतांच्या बळावर कृष्णवर्णीय कलावंतांना श्वेतवर्णीय श्रोत्यांपर्यंत पोहोचविले होते. साहजिकच निषेधाचा सूर असलेले शीर्षकगीत प्रसिद्ध करण्यास संस्थापक बेरी गॉर्डी अनुत्सुक होते. जानेवारी १९७१ मध्ये निघालेल्या या गीताच्या यशामुळेच संग्रहाचा मार्ग मोकळा झाला.

गीताची मूळ कल्पना ओबी बेन्सन यांना १९६९ मध्ये बर्कली येथे पोलिसांनी निदर्शकांवर केलेल्या हिंसाचारावरून सुचली. व्हिएतनामहून परतलेले गे यांचे बंधू फ्रँकी यांच्या अनुभवांची तिला जोड मिळाली. त्यामुळे संग्रहाचा निवेदक हा घरी परतलेला सैनिक आहे. राजकीय घोषणांऐवजी तो आप्तांना प्रश्न विचारतो. एकमेकांत मिसळत जाणाऱ्या गीतांतून त्या प्रश्नाचा विस्तार युद्धापासून व्यसन, प्रदूषण व शहरी दारिद्र्यापर्यंत होतो. व्हिएतनाम युद्ध १९७५ मध्ये संपले; इतर प्रश्न मात्र अनुत्तरितच राहिले. २०२० मध्ये ‘रोलिंग स्टोन’ने सर्वश्रेष्ठ संग्रहांच्या यादीत त्यास प्रथम स्थान दिले. या टिकाऊ आवाहकतेचे मूळ त्याच्या प्रश्नरूपात आढळते.