सॉफ्टवेअर चाचणी : यंत्रावर काय सोपवावे, माणसाकडे काय ठेवावे

अमेरिकेतील सायबर सुरक्षा कंपनी क्राउडस्ट्राइकने १९ जुलै २०२४ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी, ग्राहकांच्या संगणकांवर एक छोटी अद्ययावत फाइल पाठवली. ७८ मिनिटांत ती मागे घेण्यात आली. पण तोवर जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणकांना तिचा फटका बसल्याचा अंदाज मायक्रोसॉफ्टने नंतर वर्तवला. विमानसेवा विस्कळीत झाल्या आणि भारतात काही विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. देशातील १० बँका व बिगरबँकिंग वित्तीय संस्थांच्या कामकाजात किरकोळ अडथळे आल्याचे रिझर्व्ह बँकेने सांगितले.

या फाइलमागील यंत्रणेची चाचणीच झाली नव्हती, असे नाही. स्वयंचलित चाचण्या झाल्या होत्या आणि त्या उत्तीर्णही ठरल्या होत्या. कंपनीने ऑगस्टमध्ये प्रसिद्ध केलेल्या कारणमीमांसेनुसार, नव्या घटकाला २१ रकान्यांतील माहिती अपेक्षित होती. प्रत्यक्षात प्रोग्राम २० रकान्यांचीच माहिती पुरवत होता. चाचण्यांमध्ये एकविसाव्या रकान्यासाठी ‘काहीही चालेल’ असा निकष ठेवल्याने ही विसंगती कधीच उघड झाली नाही. १९ जुलैच्या फाइलने त्या रकान्यात प्रथमच ठोस मूल्य शोधले आणि संगणक कोसळले. फाइल टप्प्याटप्प्याने न पाठवता एकाच वेळी सर्वत्र पाठवल्यामुळे नुकसानीची व्याप्ती वाढली.

स्वयंचलित चाचणीची मर्यादा या घटनेतून स्पष्ट होते. यंत्र जे विचारायला सांगितले आहे तेच पुन:पुन्हा, न थकता विचारते. न सुचलेला प्रश्न ते स्वतःहून विचारत नाही.

मानवी हाताची चूक

माणसावर विसंबण्याचा धोकाही कमी नाही. जुलै २०१२ च्या अखेरीस अमेरिकी शेअर बाजारातील नाइट कॅपिटल या दलाली संस्थेने आपल्या खरेदी-विक्री प्रणालीत नवा कोड बसवला. आठ सर्व्हरपैकी एकावर तो बसवायचे तंत्रज्ञाकडून राहून गेले आणि दुसऱ्या कोणी त्याची फेरतपासणी केली नाही. १ ऑगस्ट रोजी त्या सर्व्हरवर अनेक वर्षे वापरात नसलेला जुना कोड जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि संस्थेला ४६ कोटी डॉलरहून अधिक तोटा झाल्याचे अमेरिकी बाजार नियामकाने नमूद केले. आठही सर्व्हरवरील कोड सारखा आहे काय, हे पाहणे यंत्रासाठी काही क्षणांचे काम होते.

निर्णयाचे निकष

एखादी चाचणी स्वयंचलित करावी की नाही, हे ठरवताना तीन बाबी महत्त्वाच्या ठरतात : ती किती वेळा करावी लागणार आहे, तपासला जाणारा भाग किती स्थिर आहे आणि अपेक्षित उत्तर निःसंदिग्धपणे सांगता येते काय.

वीजबिलाची आकारणी हे तिन्ही निकष पूर्ण करणारे उदाहरण आहे. पहिल्या १०० युनिटना एक दर आणि त्यापुढे दुसरा दर असल्यास ९९, १०० व १०१ युनिटची बिले तपासणे आवश्यक ठरते, कारण अशा सीमेवरच चुका अधिक होतात. येथे उत्तर पैशांपर्यंत आधीच ठाऊक असते आणि कोडमधील प्रत्येक बदलानंतर तीच तपासणी करावी लागते. असे काम यंत्राचेच.

खर्चाचा हिशेबही मांडता येतो. समजा, एखादी चाचणी हाताने करण्यास २० मिनिटे लागतात. ती स्वयंचलित करण्यास आठ तास, म्हणजे ४८० मिनिटे लागतील आणि पुढे दर वेळी देखभाल व निकाल पाहण्यासाठी सरासरी पाच मिनिटे खर्च होतील. प्रत्येक वेळी १५ मिनिटे वाचत असल्याने ३२ वेळा चाचणी केल्यावर गुंतवलेला वेळ भरून निघतो. ती रोज होत असेल, तर हे ३२ कामाच्या दिवसांत साधते. मात्र संबंधित पडदा दर पंधरवड्याला बदलून चाचणी नव्याने लिहावी लागत असेल, तर हा खर्च कधीच वसूल होत नाही.

म्हणूनच स्वयंचलित चाचण्यांची रचना पिरॅमिडसारखी असावी, असा संकेत रूढ झाला आहे. तळाशी कोडच्या लहान घटकांच्या वेगवान चाचण्या मोठ्या संख्येने, मध्ये घटकांमधील देवाणघेवाणीच्या चाचण्या आणि शिखरावर पडद्यावरून संपूर्ण प्रणाली तपासणाऱ्या मोजक्या चाचण्या. पडद्यावरील बटण हलले तरी शिखरावरच्या चाचण्या मोडतात. तळाच्या चाचण्यांना त्याची झळ पोहोचत नाही.

बेभरवशाच्या चाचण्या

कोड तोच असताना कधी उत्तीर्ण, तर कधी अनुत्तीर्ण ठरणारी चाचणी विशेष घातक असते. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतील गावकऱ्यांप्रमाणे चमूचे सदस्य तिच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करू लागतात आणि खरा दोषही त्यात झाकला जातो. अशी चाचणी त्वरित दुरुस्त करावी. ते शक्य नसल्यास काढून टाकलेली बरी. नाइट कॅपिटलमध्येही बाजार उघडण्यापूर्वी प्रणालीने चुकीचा निर्देश करणारे ९७ ई-मेल आपोआप पाठवले होते. ते धोक्याचा इशारा म्हणून आखलेले नव्हते आणि त्यांवर कार्यवाही झाली नाही.

माणसाची जागा

नवी सुविधा पहिल्यांदा तपासताना, वापरकर्ता कोठे अडखळेल याचा अंदाज घेताना आणि तपासता तपासता नवे प्रश्न शोधताना माणसाला पर्याय नाही. चित्राला पर्यायी मजकूर जोडला आहे काय, हे यंत्र सांगते. तो मजकूर दृष्टिहीन व्यक्तीला उपयोगी पडेल काय, हे माणूस ठरवतो. बहुभाषक भारतात याला अधिक महत्त्व आहे. बटणावर मराठी किंवा तमिळ मजकूर असल्याची खात्री यंत्र करू शकते. पण त्यातील जोडाक्षरे तुटली आहेत काय, शब्द कापला गेला आहे काय आणि सूचना सामान्य नागरिकाला समजते काय, हे ती भाषा वाचणाऱ्यानेच पाहावे लागते.

व्यवहारात या दोन्ही पद्धती परस्परपूरक आहेत. माणसाने शोधलेला प्रत्येक महत्त्वाचा दोष दुरुस्तीनंतर स्वयंचलित चाचणीत नोंदवल्यास तो पुन्हा आला तर यंत्र लगेच दाखवते, आणि वाचलेला वेळ नव्या शोधासाठी देता येतो. मात्र सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्याचा हिरवा दिवा दिसला, तरी त्या नेमके काय विचारतात आणि काय गृहीत धरतात, याची पडताळणी अधूनमधून करावीच लागते. क्राउडस्ट्राइकच्या एकविसाव्या रकान्याबाबत नेमके हेच राहून गेले होते.